परवाना द्वारकाच्या नावे

कोळंबवाडी, ता. कुडाळ
१२ जून १९९९

अहो,

द्वारकाचा नमस्कार. मी बरी आहे हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव घाबरा व्हायला नको.

गेल्या महिन्यात काजूबीचे पैसे घेऊन कुडाळहून येत होते. ओढ्यावरच्या साकवाजवळ एकाने पिशवीला हात घातला. मी सोडेना, तोही सोडेना. शेवटी दुसऱ्या हातात छत्री आहे हे माझ्या लक्षात आलं. छत्रीच्या काड्या मोडल्या. त्याचं काय मोडलं ते सांगायला तो थांबला नाही. पैसे सगळे घरी आले, पण त्या रात्री दाराला आतून पाटा टेकवून झोपले, हे तुमच्यापासून कशाला लपवू?

फोनवर हे बोलले नाही, कारण फोन मुमताजच्या दुकानात. मी रिसिव्हर उचलला की गिऱ्हाइकं मीठ घ्यायला येतात आणि माझं बोलणं संपेपर्यंत मीठच घेत राहतात.

आपली रूपाली मिरजेला नर्सिंगला गेल्यापासून घरात मी आणि कुत्रा. हा कुत्रा तुम्ही पाहिलेला नाही. चोर आला तर त्याला वाट दाखवत साकवापर्यंत सोडून येईल, असा आहे. म्हणून मी ओरोसला कलेक्टर कचेरीत रिव्हॉल्व्हरच्या परवान्यासाठी अर्ज केला. मामंजींची ठासणीची बंदूक आहे, पण ती घेऊन एसटीत बसता येत नाही, आणि ती ठासून होईपर्यंत चोर घरी जाऊन जेवेल.

परवाना मिळाला तर वस्तू कुठली घ्यायची ते तुम्ही सांगा. तुमचा जन्म लोखंडात गेलाय. फार भारीतलं नको, तकलादू नको, मधलं बघा. न्हाणीघराच्या फरशीसाठी पाठवलेले पैसे आहेत, त्यात बसायला हवं.

आणखी एक. तुमचं काँट्रॅक्ट मार्चमध्ये संपतंय. पुन्हा सही करणार की घरी येणार, हे मागच्या प्रत्येक पत्रात विचारलं. तुम्ही दर वेळी हवामान लिहिता.

तुमची,
द्वारका


खैतान, कुवेत
४ जुलै १९९९

सौ. द्वारका हिस,

पाचव्या मजल्यावरून, लिफ्ट बंद असताना, सखारामचे आशीर्वाद.

तुझं पत्र जिन्यात फोडलं आणि जिन्यातच बसलो. छत्रीपर्यंत छाती अभिमानाने फुगली होती. पुढचा शब्द वाचला आणि फुस्स झाली. अगं, तू काय लिहितेस, कुठे लिहितेस? हा कुवेत आहे. इथे आपल्यासारख्याने तसलं काही बाळगायचं नाव काढलं तरी थेट विमानतळावर नेऊन सोडतात. यापुढे तो शब्द लिहू नकोस. 'वस्तू' लिही.

खोलीत कुणाला सांगणार नव्हतो, पण चेहरा बघून राजनने विचारलं. राजन म्हणजे आमचा केरळचा पार्टनर. पूर्वी मिलिटरीत होता. तो म्हणाला, "भाभी को पिस्तोल दो, रिव्हॉल्व्हर नहीं. पिस्तोल में गोली जादा." दुसरा पार्टनर दत्तप्रसाद, वेंगुर्ल्याचा, इथे हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. त्याचं म्हणणं, आधी कुत्रा बदला. दोघांचं भांडण जेवण होईपर्यंत चाललं. आमटी करपली.

माझं मत विचारशील तर बायकामाणसाने या भानगडीत पडू नये. पण माझं मत तू कधी ऐकलंस? तेव्हा असं कर, आपल्या रवळनाथाला कौल लाव. देवाने डावा दिला तर विषय बंद. तुझ्या-माझ्यात वाद नको.

इथे उष्मा फार आहे. शुवैखच्या गॅरेजमध्ये लेथला हात लावला की चटका बसतो. धूळही उठते.

तुझा,
सखाराम


कोळंबवाडी
९ ऑगस्ट १९९९

अहो,

हवामान कळलं.

कौल लावला. गुरवाने देवाला तांदूळ लावले, मी गाऱ्हाणं घातलं, आणि उजवा तांदूळ असा टपकन पडला की गुरवसुद्धा दचकला. लगेच त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "वयनी, रानडुकरा मारूक पन चलात मां?" तेव्हा देवाचा होकार आहे आणि गुरवाचाही आहे. तुमचा राहिला आहे.

चौकशीला हवालदार येऊन गेला. ओटीवर बसून चहा प्याला, मग कागद काढला. "घोव कुवेतात, मगे ह्या चलवतलो कोण?" म्हणाला. मी म्हटलं, "मीच चलवतलंय." त्याने लिहून घेतलं आणि दुसरा चहा मागितला. साहेबासमोर मुलाखत व्हायची आहे.

राजनभावजींना सांगा, गोळ्या जास्त असून मला काय करायचंय? मला एका माणसाला पळवायचंय, तोही घाईत असतो. तुम्ही मिलिटरीचं ऐकू नका, तुमच्या डोक्याने सांगा. आणि मी 'वस्तू' लिहिणार नाही. 'वस्तू उशाशी ठेवली' असं लिहिलं आणि पत्र कुणी फोडलं, तर तुमच्या खोलीतली माणसं माझ्याबद्दल काय समजतील?

बाकी तुम्ही काँट्रॅक्टबद्दल काहीच लिहिलं नाही. चुकून राहिलं असेल.

द्वारका


खैतान
११ सप्टेंबर १९९९

सौ. द्वारका हिस,

देवाने उजवा दिला म्हटल्यावर मी कोण नाही म्हणणार? आता हे काम मी अंगावर घेतलं आहे असं समज.

मी सगळा विचार केला. पिस्तूल नको. राजन रागावला तरी नको. पिस्तुलात स्प्रिंग, मॅगझिन, सरकणारी पट्टी, त्यात सेफ्टीचा खटका. जिथे हलणारे भाग जास्त तिथे अडकणं जास्त, हे मला लेथने शिकवलंय. ऐन वेळी तुला खटका आठवायचा नाही. रिव्हॉल्व्हरचं तसं नाही. चक्र उघडलं की भरलंय की रिकामं ते डोळ्यांना दिसतं, आणि ते दिसलं पाहिजे. जुनं विलायती कुणी दाखवलं तर भुलू नकोस. नावाचेच पैसे घेतात, आणि एखादा भाग मोडला तर कुठे मिळायचा? आपल्या सरकारी कारखान्यातलं नवंकोरं घे. मिक्सर घेतानाही आपण दुरुस्ती कुठे होईल ते विचारतो, इथे तर विचारायलाच हवं. फार इवलंसं घेऊ नकोस. हलकं असलं की हातात उसळी मारतं. फार जड घेतलंस तर एसटीत पर्स खांद्यावरून खाली येईल.

यातलं पुष्कळसं माझ्या डोक्यातून आलंय. थोडं राजनचं आहे. परवा कळलं की राजन मिलिटरीत होता तो कँटीनमध्ये, आचारी म्हणून. तरी त्याचं ज्ञान अगदी टाकाऊ नाही.

महत्त्वाचं म्हणजे मूठ. ती तुझ्या हाताला बसली पाहिजे, आणि बोट घोड्यापर्यंत आरामात पोचलं पाहिजे. तर उजवा पंजा कागदावर ठेव, पेन्सिलीने भोवती रेघ काढ आणि पाठवून दे. बोटं फार फाकवू नकोस.

परवा गॅरेजच्या मुदीरने, म्हणजे आमच्या साहेबाने, काँट्रॅक्टचा विषय काढला होता. बघू म्हटलंय. फरशी व्हायची आहे, रूपालीचं एक वर्ष राहिलंय. बघू.

सखाराम


कोळंबवाडी
२५ ऑक्टोबर १९९९

अहो,

सोबत पंजा पाठवला आहे. रेघ मुक्ताने काढली. शेजारच्या घरातली मुक्ता, तुम्ही गेलात तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं, आता तिला दुसरं होणार आहे. पेन्सिलीने गुदगुल्या झाल्या म्हणून करंगळी वाकडी आली आहे. माझी करंगळी सरळ आहे. विसरला असाल म्हणून लिहिलं.

मुलाखत झाली. साहेब तरुण आहे. म्हणाला, "बाई, हे वापरायची वेळ आली तर तुमचा हात थरथरणार नाही का?" मी म्हटलं, "थरथरेल. छत्रीच्या वेळीही थरथरला होता." तो हसला नाही, पण त्याने काहीतरी लिहिलं.

खंडेनवमीला कोयती, विळी, मामंजींची बंदूक, सगळी पूजेला मांडली. नव्यासाठी पाटावर जागा ठेवली होती. बंदुकीला हळद लावताना वाटलं, या घरातली सगळी अवजारं पुरुषांनी आणली, आणि चालवते आहे मी एकटी. वाईट वाटलं. मग विळीवर नारळ खवला आणि विसरून गेले.

'बघू' हे उत्तर मला कळत नाही. बघायला तुम्ही इथे असायला हवं.

द्वारका


खैतान
३० नोव्हेंबर १९९९

सौ. द्वारका हिस,

तुझा पंजा पोचला. दत्तप्रसादने लगेच त्याचा एक्स-रे वाचल्यासारखं केलं, राजनने वीत लावली. दोघांना बाहेर हाकललं आणि माझा पंजा त्या कागदावर ठेवला. द्वारका, तुझा अंगठा इतका रुंद कधी झाला? मी गेलो तेव्हा तुझा हात माझ्या हातात मावून उरत होता. आता बरोबरीला आलाय. मला भरून आलं. हे मी बाहेरच्या दोघांना सांगितलेलं नाही.

पुढे जे घडलं ते शांतपणे वाच. मी सुखरूप आहे.

माप आल्यावर मला राहवेना. म्हटलं, नुसत्या कागदावर मूठ कशी कळणार? दुपारच्या सुट्टीत शुवैखला भंगारातलं अल्युमिनियम घेऊन लेथवर एक नमुना केला. नळी बुजवलेली, चक्र फिरत नाही, काहीच उडत नाही. नुसतं वजन आणि आकार. मूठ सागवानाची, तुझ्या पंजाच्या मापाने घासलेली. दत्तप्रसाद सुट्टीवर जाणार होता, त्याच्याबरोबर पाठवायचा विचार होता. तुझ्या हाताला बसतं का ते तू बघितलं असतंस. विमानतळावर काय होईल हे ना माझ्या डोक्यात आलं ना त्या शहाण्याच्या.

तेवढी वेळच आली नाही. गॅरेजमधून बसने येत होतो. पोलिसांनी बस थांबवली आणि सिव्हिल आयडी बघायला लागले. माझ्या मांडीवर जेवणाच्या डब्याची पिशवी. एकाने ती चाचपली. मग काय झालं ते नीट आठवत नाही. बस रिकामी झाली आणि मी तेवढा आत होतो.

ठाण्यात साहेबाने नमुना उलटासुलटा करून पाहिला. हिंदी बरं बोलत होता. "किसका है?" मी खरं सांगितलं, "बीवी का, साब." "बीवी किधर?" "इंडिया." "उसको क्यों मंगता?" आता त्याला काजू, साकव, छत्री कसं सांगणार? मग त्याने विचारलं, "कितने साल से घर नहीं गया?" मी म्हटलं, "तीन." त्याने नमुना टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "तो मालूम पड़ गया किसको मारेगी."

सगळं ठाणं हसलं. मीही हसलो. हसणं भागच होतं. मुदीरने येऊन सोडवलं. नमुना मात्र साहेबाने ठेवून घेतला, काम सुबक झालंय म्हणाला. पण खोलीवर आल्यापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

मुदीरने काँट्रॅक्टचा कागद टेबलावर आणून ठेवलाय. माझं मन ठरत नाही. एक कर, रवळनाथाला आणखी एक कौल लाव. सही करू की घरी येऊ, एवढंच विचार. देव सांगेल तसं करेन.

सखाराम


कोळंबवाडी
२९ डिसेंबर १९९९

अहो,

तुमचं पत्र वाचून मी आधी रडले आणि मग इतकी हसले की मुक्ता धावत आली. तिलाही वाचून दाखवलं. दुसरं होणार आहे म्हणून तिला बसून हसावं लागलं. त्या साहेबाला माझा नमस्कार सांगा. एवढ्या लांब बसून, मला न बघता, माझ्या मनातलं बरोबर ओळखणारा एक तरी माणूस कुवेतात आहे.

परवाना आला. माझ्या नावे, माझ्या फोटोसकट. कचेरीतला कारकून म्हणाला, "ठरलेल्या मुदतीत हत्यार घेऊन दाखवायला आणा, नाहीतर परवाना जाईल." तेव्हा आता मला ठरवायचं आहे आणि तुम्हांलाही.

कौलाचं. गुरवाला तुमचा प्रश्न सांगितला. तो म्हणाला, "देव टपालान इलेल्या प्रश्नाक कौल देना नाय." पण तो देतो म्हणाला असता तरी मी लावला नसता.

रिव्हॉल्व्हरचं देवाला विचारलं, कारण त्यातलं मला काही कळत नव्हतं. नवरा घरी हवा की नको हे मला कळतं. ते मी रवळनाथाला का विचारू? तुम्हांला यायचंय की नाही हे तुम्हांलाही कळतं. आधी फरशी, मग रूपाली, मग मुदीर, आता देव. तुम्ही दर वेळी कुणाच्या तरी मागे उभे राहून माझ्याशी बोलता. मला तुमची आठवण येते. रागही येतो. दोन्ही एकाच वेळी येतं तेव्हा काय करायचं ते कळत नाही, म्हणून मी काजू फोडत बसते. या वर्षी पुष्कळ फोडले.

कौल नको, हवामान नको. येणार की नाही, एवढं लिहा. 'नाही' असेल तर तसं लिहा. मी रडेन, पण निदान वाट बघणं संपेल.

द्वारका


खैतान
२० फेब्रुवारी २०००

द्वारका,

येतो.

हा एक शब्द लिहायला मला इतके दिवस लागले. तुझं पत्र आल्यापासून रोज लिहायला बसायचो आणि 'इथे थंडी' एवढं लिहून कागद फाडायचो. मला भीती वाटत होती. इथे लेथवर मी उस्ताद आहे. तिथे काजू तुझे, घर तुझं, कचेरी तुझ्या ओळखीची. तिथे माझं काय काम उरलंय, हे विचारायची भीती. म्हणून सही करत राहिलो. यात फरशीचा काही संबंध नाही.

काल मुदीरपुढे कागद परत सारला. "ले?" म्हणाला, म्हणजे का. मी म्हटलं, "बीवी को रिव्हॉल्व्हर का लायसन मिल गया." त्याने माझ्याकडे पाहिलं, मला ठाण्यातून सोडवून आणल्याचं त्याला आठवलं असणार, आणि त्याने माझे कागद तिथल्या तिथे मंदूबकडे धाडले. मंदूब म्हणजे असल्या कचेरीच्या कामांचा माणूस. इतक्या झटपट इथे कुणाचे कागद झालेले मी पाहिले नाहीत. राजन म्हणतो, हे कारण तोही सांगणार आहे. त्याचं लग्न झालेलं नाही.

सात एप्रिलच्या विमानाने मुंबईला उतरतो. आठला संध्याकाळच्या एसटीने गावात येईन. तू स्टँडवर येऊ नकोस, मी गुपचूप येऊन तुला चकित करीन.

आणि हो, आता रिव्हॉल्व्हरची गरज नाही. घरात माणूस येतोय. ते पैसे फरशीलाच लावू.

तुझा,
सखाराम


कोळंबवाडी
१४ मार्च २०००

अहो,

या. लवकर या.

तुमचं पत्र यायच्या आधीच मी आणि मुक्ताचा नवरा कोल्हापूरला जाऊन आलो. दुकानदार सगळं त्यालाच दाखवत होता. तो बिचारा शिंपी, रिव्हॉल्व्हर हातात दिलं की टेपने मोजायला निघायचा. मग मी परवाना काचेवर ठेवला, तेव्हा दुकानदार माझ्याशी बोलायला लागला. आधी 'लेडीज' म्हणून एक चकचकीत इवलंसं काढलं. मी म्हटलं, मला मंगळागौरीला जायचं नाही. एक जुनं विलायती काढलं, ते मी हातातसुद्धा घेतलं नाही. शेवटी साधं, काळं, सरकारी, नवंकोरं घेतलं. चक्र उघडून रिकामं आहे ते बघितलं. मूठ धरली, बोट बरोबर पोचलं. तुम्ही लिहिलं होतं तसंच सगळं. घेताना तुमची आठवण आली, हे दुकानदाराला सांगितलं नाही.

पोलिसांच्या मैदानावर नेम धरायला शिकवलं. पहिल्या गोळीला मी डोळे मिटले. पाचवी बरी गेली.

तेव्हा पैसे फरशीला लागणार नाहीत. रिव्हॉल्व्हर राहणार. तुम्ही येताय म्हणून काजू यायचे थांबणार नाहीत आणि साकवही तिथेच आहे. मी कारकुनाला मुद्दाम विचारलं, "घोव इलो तर तेका हात लावूक मेळात?" तो म्हणाला, "नाही बाई. परवाना तुमच्या नावे, हत्यार तुमचं." तेव्हा पत्रांतून तुम्ही निवडून दिलेल्या रिव्हॉल्व्हरला तुम्हांला बोट लावता येणार नाही. लांबून बघा.

तुमचं काय काम उरलंय, असं विचारलंत. काजू फोडायचं यंत्र आणायचं आहे, आणि ते कोण चालवणार हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही. पण तेही नंतर. काम असेल तरच नवऱ्याने घरी यायचं, असं तुम्हांला कुणी सांगितलं?

आता नीट वाचा. एसटी येते तेव्हा अंधार पडलेला असतो. गुपचूप यायचं नाही. चकित करायचं नाही. अंगणाच्या बेड्याजवळच, फाटकाबाहेर थांबायचं आणि तिथून मोठ्याने, गावाला ऐकू जाईल असं, पूर्ण नाव सांगायचं. मी दिवा घेऊन येईन, चेहरा बघेन, मग तुम्ही आत या.

रिव्हॉल्व्हर आल्यापासून मला छान झोप लागत होती. तुमचं पत्र आलं आणि पुन्हा उडाली. आता ती तुम्ही आल्यावरच लागेल.

तुमचीच,
द्वारका